डिचोलीचं युद्ध आणि तपासणीचा तक्ता

सध्या शाळा-महाविद्यालयांतून एक तक्ता फिरतो आहे. कधी तो ग्रंथालयाच्या दारावर डकवलेला असतो, कधी प्रकल्पाच्या सूचनांसोबत झेरॉक्स काढून वाटलेला, तर कधी एखाद्या कार्यशाळेत पडद्यावर झळकलेला. मजकूर थोड्याफार फरकाने तोच. इंटरनेटवरचा स्रोत विश्वासार्ह आहे का, हे कसं ओळखाल? लेखकाचं नाव दिलंय का, पाहा. तारीख ताजी आहे का, पाहा. पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी, डॉट ईडीयू किंवा डॉट जीओव्ही आहे का, पाहा. शुद्धलेखनाच्या चुका आणि भडक जाहिराती नाहीत ना? 'आमच्याविषयी' असं पान आहे का? तळाशी संदर्भ दिलेत का? आणि शेवटी, ठळक अक्षरांत: विकिपीडिया वापरू नये.

हा तक्ता घातक आहे, असं माझं म्हणणं आहे. तो अपुरा असता तर त्यात भर घालून भागलं असतं. पण तो मुलांना चुकीच्या जागी बघायला शिकवतो, आणि वर सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा झाल्या की 'आता तपासलं' असं समाधानही देतो. न तपासणाऱ्या मुलाला निदान आपण तपासलेलं नाही हे माहीत असतं.

तक्तेवाल्यांचा वैताग मला समजतो. बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाची एखादी वही उघडून पाहा. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निरीक्षणे, निष्कर्ष, सगळं सुबक अक्षरात, समासाला रंगीत रेघ. शेवटच्या पानावर 'संदर्भ: १) गुगल २) यूट्यूब ३) पर्यावरण पुस्तिका'. निरीक्षणांत जी नदी मुलाने 'प्रत्यक्ष जाऊन पाहिली', ती शेजारच्या बाकावरच्या वहीतही त्याच शब्दांत, त्याच प्रदूषणासह वाहत असते. हे वर्षानुवर्षं तपासणाऱ्या शिक्षकाला काहीतरी शिस्त लावावीशी वाटणं साहजिक आहे. पण शिस्त लागली की सत्य सापडतं, असं नाही. संदर्भसूचीत 'गुगल'ऐवजी पूर्ण पत्ता, तारीख आणि लेखकाचं नाव आलं म्हणजे खालची माहिती खरी झाली, असं तर नाहीच नाही.

आता डिचोलीकडे येतो.

२००७ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख आला. विषय होता गोव्यातल्या डिचोलीचा संघर्ष. १६४०-४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात अघोषित युद्ध झालं आणि शेवटी तह होऊन ते मिटलं, अशी ती हकिकत. लेख चांगला लांबलचक होता. भाषा संयमी, उपशीर्षकं नेटकी, कोणा एकाची बाजू न घेणारी मांडणी, आणि तळाशी पुस्तकांचे रीतसर संदर्भ: लेखक, प्रकाशक, वर्ष. त्याच वर्षी त्याला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. हा दर्जा इंग्रजी विकिपीडियावरच्या फार थोड्या लेखांना मिळतो. पाच वर्षांहून अधिक काळ तो तिथे राहिला. २०१२ च्या डिसेंबरअखेर तो काढून टाकला गेला, कारण असं युद्ध कधी झालंच नव्हतं. कोणीतरी बसून ते रचलं होतं. संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकंही अस्तित्वात नव्हती.

हे ऐकल्यावर तक्तेवाले टाळी देतील. 'बघा, म्हणूनच आम्ही विकिपीडिया नको म्हणतो.' थांबा. तुमचा तक्ता घ्या आणि त्या लेखाला लावा. शुद्धलेखन? निर्दोष. जाहिराती? एकही नाही. पत्ता? डॉट ओआरजी. संदर्भ? भरपूर. सूर? तटस्थ. लेखकाचं नाव आणि शेवटची विकिपीडियाबंदीची ओळ सोडली तर लेख तुमच्या बाकी सगळ्या परीक्षा पास होतो. खरी गंमत तर पुढे आहे. 'चांगला लेख' हा दर्जा देताना परीक्षकाच्या हातातही निकषांची यादीच होती. लेखन चांगलं आहे का, संदर्भ दिलेत का, विषयाची व्याप्ती घेतली आहे का, मांडणी निःपक्ष आहे का, मजकूर स्थिर आहे का, चित्रं योग्य आहेत का. सगळीकडे होकार मिळाला. संदर्भ दिलेत का, हे पाहिलं गेलं. दिलेलं पुस्तक आहे का, हे पाहायचं राहिलं. डिचोलीच्या युद्धाने पाच वर्षं जगाला फसवलं ते यादीच्या अभावामुळे नाही, यादी नीट भरल्यामुळे.

आणि ते उघडकीला कसं आलं? एका स्वयंसेवक संपादकाला शंका आली. त्याने तळटीपांतली पुस्तकं शोधायला घेतली, आणि ती कुठल्याच सूचीत सापडेनात. बस, एवढंच. नवं तंत्र नाही, सॉफ्टवेअर नाही. पानावर काय लिहिलंय हे पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी तो पानाबाहेर गेला.

मराठी वाचकाला तर बाहेर जायचीही गरज नव्हती. महाराष्ट्रात चौथीचं इतिहासाचं पुस्तक शिवाजी महाराजांवर आहे. ते वाचलेल्या कोणालाही १६४० साली महाराज किती वर्षांचे होते हे बोटांवर मोजून सांगता येईल: दहा. तोरणा घ्यायचा होता, राज्याभिषेकाला चौतीस वर्षं बाकी होती, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि डिचोलीचा मुलूखही आदिलशाहीतच होता. मग ते 'मराठा साम्राज्य' आलं कुठून? हा प्रश्न पडायला दहा कलमं लागत नाहीत, थोडा इतिहास डोक्यात असावा लागतो. तक्त्याचा मूळ दावाच असा आहे की विषयातलं काही न कळताही, केवळ वरवरच्या खुणा मोजून, खरं-खोटं ओळखता येतं. हा दावा खोटा आहे, आणि शिक्षकांनीच तो करावा याचं मला जास्त वाईट वाटतं. आधी माहिती, मग माहितीची पारख. हा क्रम उलटा करता येत नाही.

हा तक्ता आपल्याकडे उगवलेला नाही. त्याचं सर्वांत गाजलेलं रूप कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथालयात २००४ च्या सुमारास तयार झालं. सारा ब्लेकस्ली या ग्रंथपाल बाईंनी ते केलं. ताजेपणा, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता, हेतू अशी पाच कलमं. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांचा शब्द असा जमला की उच्चारताना हसू यावं, आणि बहुधा म्हणूनच तो जगभर लक्षात राहिला. त्या काळाला तो ठीक होता. वेबसाइट बनवणं तेव्हा खर्चाचं आणि कटकटीचं काम होतं. गबाळं पान म्हणजे हौशी माणूस, नीटस पान म्हणजे संस्था, हा अंदाज बऱ्याचदा खरा निघायचा. आज महाविद्यालयातला कुठलाही पोरगा दुपारच्या सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेला शोभेल असं पान उभं करू शकतो. दिसण्यावरून माणूस ओळखायचे दिवस गेले, तक्ता मात्र तिथेच उभा आहे.

डॉट ओआरजीचं घ्या. ही अक्षरं कोणीही विकत घेऊ शकतो. त्यासाठी संस्था असावी लागत नाही की समाजसेवा करावी लागत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचं एक डॉट ओआरजी संकेतस्थळ जवळपास दोन दशकं, २०१८ पर्यंत, सुरू होतं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी किंग यांच्यावर निबंध लिहायला घेतला की ते शोधात वर यायचं. त्यावर विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा होती, शाळेत वाटायला छापील पत्रकं होती. ते चालवत होती 'स्टॉर्मफ्रंट' ही गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारी संघटना, आणि सगळा मजकूर किंग यांची बदनामी करणारा. हे कळायला एकच गोष्ट करावी लागायची: संकेतस्थळ कोणाचं आहे हे दुसऱ्या कोणाला तरी विचारणं.

'बरं, डॉट ओआरजी सोडा, सरकारी पत्ता तर विश्वासाचा ना?' हा पुढचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जलयुक्त शिवार अभियानावर प्रकल्प करणाऱ्या मुलीची कल्पना करा. महाराष्ट्रातली ही योजना २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. एका सरकारी पानावर तिला गावंच्या गावं दुष्काळमुक्त झाल्याची यशोगाथा सापडेल. दुसऱ्या सरकारी पानावर, कॅगच्या २०२० मधल्या अहवालात, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही असा निष्कर्ष सापडेल. दोन्ही पत्ते सरकारी, दोन्ही पानांवर अशोकस्तंभ. तक्ता इथे गप्प. त्या मुलीला कामाला येईल ती वेगळी विचारपूस: हे लिहिणारं खातं योजना राबवणारं आहे की हिशेब तपासणारं? आकडा कोणी मोजला, किती गावांत, पावसाळ्याच्या आधी की नंतर? त्या वर्षी पाऊस किती झाला होता? कॅगचं म्हणणं खोडून काढणारेही आहेत. त्यांचंही तिने वाचावं. एवढं केलं की तिच्या लक्षात येईल, 'सरकारी' हा शब्द कोण बोलतंय ते सांगतो, खरं काय ते सांगत नाही.

ताजेपणाची तर वेगळीच कथा आहे. आपल्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या गुगलवर शोधा. वरच्या निकालांत 'लोकसंख्या २०२५' असं ठसठशीत लिहिलेली पानं येतील, कालच अद्ययावत केलेली, शेवटच्या एककापर्यंत आकडा देणारी. हा आकडा कोणी मोजला? कोणीच नाही. आपल्याकडे शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची ठरलेल्या वेळी झाली नाही. ही पानं २०११ च्या आकड्याला वाढीचा कुठला तरी दर लावतात आणि आलेलं उत्तर आकडा म्हणून छापतात. अंदाज हा शब्द असलाच तर खाली बारीक अक्षरात. तक्त्यानुसार मुलाने हे ताजं पान निवडायला हवं आणि जनगणनेची जुनी सारणी टाकून द्यायला हवी. म्हणजे मोजलेलं सोडून मनाने काढलेलं घ्यायचं. महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ हा आकडा जुना आहे, पण तो दारोदार जाऊन मोजलेला आहे, आणि तो कोणत्या वर्षाचा हे तो लपवत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर आहे, फुकट आहे, आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेलं ते काम कोणत्याही भाषेने मिरवावं असं आहे. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. शहरांच्या नोंदींत लोकसंख्येपुढे कंसात १९७१ किंवा १९८१ असं वर्ष दिलेलं असतं. नोंद लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलं. मुलगा उतरवून घेताना कंस गाळतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचं गाव आजचं म्हणून वहीत येतं. यात दोष विश्वकोशाचा नाही आणि इंटरनेटचाही नाही. कंस कशासाठी असतो हे आपण शिकवलेलं नाही.

मग करायचं काय? सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला. दहा पीएचडीधारक इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी, सगळे इंटरनेटवर सराईत. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सदस्य असलेली मुख्य संघटना. दुसरी २००२ साली समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाच्या प्रश्नावरून फुटून निघालेला छोटा गट, पण नावात तसाच भारदस्तपणा आणि पान तितकंच देखणं. दोन्ही डॉट ओआरजी. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी छोट्या गटाच्या पानाला जास्त विश्वासार्ह ठरवलं. इतिहासकारही बरेच गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र एकही फसला नाही. फरक एवढाच होता की विद्यार्थी आणि इतिहासकार ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. तपासनिसांनी पानावर जेमतेम नजर टाकली आणि लगेच दुसऱ्या टॅबमध्ये त्या संघटनेचं नाव टाकून इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते पाहिलं.

यात नवल ते काय? मुलीसाठी स्थळ आलं की आपण चौकशी स्थळाकडेच करतो का? मुलगा निर्व्यसनी आहे हे त्याच्या आईने सांगितलं म्हणून कोणी सुपारी फोडत नाही. त्यांच्या गावचा कोणी ओळखीचा निघतो का बघतो, ऑफिसात कोणाकडून तरी काढून घेतो, शेजाऱ्यांच्या बोलण्यातला अडखळता सूर टिपतो. ज्या घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, त्याच घरातल्या मुलाला आपण शाळेत सांगतो की संकेतस्थळाचं 'आमच्याविषयी' पान वाच आणि ठरव.

आता यातला सर्वांत अडचणीचा मुद्दा. त्या तपासनिसांपैकी बऱ्याच जणांचा पहिला थांबा कुठे होता? विकिपीडिया. संस्था कोणाची, कधी निघाली, तिच्यावर काय वाद झाले, हे झटकन कळायला आणि तळटीपांमधून मूळ बातमीपर्यंत पोचायला त्यासारखी जागा नाही. म्हणजे जी जागा तक्ता बंद करतो, तिथूनच कसबी लोक सुरुवात करतात. विकिपीडिया संदर्भ म्हणून देऊ नये हे मलाही मान्य आहे. विकिपीडिया स्वतःही तेच सांगतो. पण संदर्भ म्हणून देऊ नये आणि उघडू नये यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'नेचर'ने २००५ मध्ये विज्ञानाच्या ४२ विषयांवरच्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या तेव्हा विकिपीडियात सरासरी चार आणि ब्रिटानिकात सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले, 'नेचर' आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. ज्याला वाटेल त्याने तो वाद वाचावा. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की ब्रिटानिकातही तीन चुका होत्या.

या तीन चुका लक्षात ठेवायच्या त्या दुसऱ्या एका पंथासाठी. 'इंटरनेट सोडा, छापील वाचा' म्हणणाऱ्यांसाठी. छापील म्हणजे शुद्ध, हा समज आपल्या विद्यापीठांनीच मोडीत काढला आहे. प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांचे गुण जोडले गेले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. त्यांना आंतरराष्ट्रीय नाव होतं, क्रमांक होता, संपादक मंडळ होतं, पत्ता होता. तक्त्यातल्या सगळ्या खुणा होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर ती नियतकालिकं यादीतही शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये या यादीची चिकित्सा केली, तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि या अभ्यासकांनी तपासलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्के हलक्या दर्जाची असू शकतात असं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. विद्यार्थ्याला 'अधिकृत स्रोत वापर' सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या अधिकृत यादीची ही अवस्था. मुलांना उपदेश करताना आवाज जरा खाली ठेवायला हरकत नाही.

या सगळ्यात मला खंत वाटते ती याची, की स्रोतांची पारख ही गोष्ट मराठीला परकी नाही. चिकोच्या तक्त्याच्या शंभर वर्षं आधी वि. का. राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरत होते. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' निघू लागली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. बखर कितीही रसाळ असली तरी ती कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली आणि लिहिणाऱ्याला ते कळलं कसं, हे विचारायची सवय या मंडळींनी लावली. घटनेच्या वेळचा कागद आणि सव्वाशे वर्षांनी लिहिलेली हकिकत यांना एका पंगतीला बसवायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष होता.

शिवजन्माच्या तारखेचा वाद आपल्याकडे भावनेच्या अंगाने रंगतो, पण त्यातला पुराव्याचा भाग अकरावी-बारावीच्या वर्गात शिकवावा असा आहे. बखरींमधून आलेली १६२७ ची वैशाखातली तिथी पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली. मग लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ती घटना आणि तिथ्यांची रुक्ष जंत्री. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया होती. पुढे महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' प्रसिद्ध झालं, त्यातही तोच शक, तीच तिथी. राजस्थानातल्या एका जुन्या कुंडलीसंग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, ती त्याच तिथीची. मावळातलं देशमुखाचं घर, दरबारातला संस्कृत कवी, राजस्थानातला ज्योतिषी. एकमेकांचं पाहून लिहिण्याची शक्यता नसलेले तीन साक्षीदार एकच सांगतात, तेव्हा त्या सांगण्याला वजन येतं. राज्य सरकारने पुढे २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

आता अशा तक्त्यांतलं आणखी एक लाडकं कलम घ्या: 'ही माहिती आणखी तीन-चार संकेतस्थळांवर आहे का, पाहा.' ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! १९०० साली इंटरनेट असतं तर १६२७ ही तारीख हजार पानांवर सापडली असती आणि विद्यार्थ्याने निर्धास्तपणे खूण केली असती. एकाच बखरीची हजार पानं म्हणजे एकच साक्षीदार. डिचोलीचा लेख विकिपीडियावरून गेला, पण त्याच्या नकला करून ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर तो पुढेही राहिला. विकिपीडियातलेच मजकूर छापून विकणाऱ्यांनी त्याचं पुस्तकही बाजारात आणलं. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या विकिपीडियावरच्या नोंदीत गंमत म्हणून त्याचं एक नवं टोपणनाव घुसडलं. काही वर्षांत ते नाव ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत आणि छापील पुस्तकांत आलं, आणि मग विकिपीडियावर त्या नावाला आधार म्हणून त्याच वर्तमानपत्रांपैकी एकाचा दाखला जोडला गेला. वर्तुळ पूर्ण. पानं मोजून हे वर्तुळ दिसत नाही. प्रत्येक पान कोणावर टेकलंय हे मागे मागे जात पाहिलं तरच दिसतं.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि तक्त्याचं उरलंसुरलं अवसान गेलं. आता लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष, पृष्ठक्रमांक यांनी नटलेले, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेले आणि जगात कुठेच नसलेले संदर्भ मागाल तितके मिळतात. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी २०२३ मध्ये असेच न झालेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. वकील फसले म्हणून हसू नये. त्यांच्यापुढचा कागद तक्त्याप्रमाणे उत्तमच होता. मूळ निकाल काढून पाहिला गेला नाही, एवढंच.

माझ्यावरचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, असं शिकवलं तर मुलं कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. मला हे उलट दिसतं. सगळ्यांवर सारखाच संशय घेणं हे आळशाचं काम. 'सगळेच खोटं बोलतात' म्हटलं की वाचायची गरजच उरत नाही. माग काढायला शिकलेल्या मुलाला कधीतरी माग लागतो, आणि तेव्हा तो ठामपणे म्हणू शकतो की हे खरं आहे, कारण मी इथवर जाऊन पाहिलं. तक्ता त्याला असं म्हणण्याची सोयच ठेवत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका वर्गात ऐंशी मुलं, ऐंशी वह्या, शिक्षकाने कोणाकोणाचा माग तपासायचा? हा आक्षेप खरा आहे आणि तो तक्त्याने सुटलेला नाही, झाकला गेला आहे. पण वही वीस पानांची असली पाहिजे असं कोणी सांगितलं? प्रकल्पाला एकच दावा द्या. आपल्या नदीत अमुक इतकं सांडपाणी जातं, आपल्या गावाला हे नाव अमुक कारणाने पडलं, अमुक झाड रात्री ऑक्सिजन सोडतं. मुलाने दोन पानांत लिहावं: हे मी कुठे वाचलं, त्यांनी कुठून घेतलं, तिथे खरोखर तसंच आहे का, आणि शेवटी मी कोणत्या कागदाशी किंवा माणसाशी जाऊन थांबलो. नदीचा आकडा असेल तर नगरपालिकेत जाऊन विचारावं, गावाच्या नावाची गोष्ट असेल तर ती सर्वांत आधी कोणी लिहिली ते शोधावं. बऱ्याच वेळा माग मध्येच तुटेल. कुठे तुटला ते लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्यावेत, कारण तिथवर तो खरंच गेलेला असतो. तोंडी परीक्षेत 'प्रदूषणाचे प्रकार सांग' हा प्रश्न सोडून द्यावा आणि वहीतल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारावं, हा कोणी मोजला? दोन पानं वाचायला पाच मिनिटं लागतात. वीस पानांची वही न वाचता सही करायला साधारण तेवढीच लागतात.